खायचे दात

कवळ्या करणाऱ्या माणसाला मिरवायची सवय होती, हे त्याचे शत्रूच काय, त्याची बायकोसुद्धा कबूल करायची. पण मिरवण्यासारखं त्याच्याकडे होतंही. गावातले दातांचे डॉक्टर रोग्यांच्या जबड्यांची मापं घेत, ती ओली मापं डब्यात घालून त्याच्याकडे पाठवत, आणि तो त्यांतून प्लास्टरचे जबडे ओतून, मेणात दात रोवून, शेवटी गुलाबी हिरड्यांसकट चकाकणारी कवळी परत पाठवी. असं काम करणारे आणखीही होते. पण त्यांच्या कवळ्या घातलेला माणूस हसला की तोंडात पांढऱ्या फरश्या बसवल्यासारखं दिसायचं. याची कवळी घातलेला माणूस हसला की लोक म्हणायचे, "तुमचे दात या वयातही शाबूत आहेत हो!"

त्याची युक्ती साधी होती. तो दात सरळ बसवायचाच नाही. एखादा किंचित तिरका, एखादा शेजाऱ्याच्या खांद्यावर टेकलेला, कुणाच्या दोन दातांमध्ये केसभर फट. "देवाने कुणाला ओळंब्यात दात दिलेत का?" असं तो विचारी आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या जबड्याकडे वळे. डॉक्टर मंडळी त्याला 'कारागीर' म्हणत. तोही फोन उचलून "कारागीर बोलतोय" असंच म्हणायचा. नम्रपणा हा आपला प्रांत नव्हे, हे त्याने लवकर ओळखलं होतं.

त्याची आई वेगळ्या मातीची. तिने सगळी उमर मंडईत भाजी विकली. तिच्या गाळ्यावर गर्दी असायची ती भाजीपेक्षा तिच्या बोलण्यामुळे. गिऱ्हाइकाने मालाला हात लावायच्या आत ती मालाची खोट सांगायची. "शेंगा कोवळ्या आहेत, पण खालच्या थरात चार किडक्या निघतील, आधीच सांगते." "टोमॅटो गोड आहेत, पण उद्यापर्यंत टिकायचे नाहीत, आधीच सांगते." शेजारचे गाळेवाले कपाळाला हात लावत. पण गिऱ्हाईक तिच्याकडेच यायचं, कारण तिने खोट सांगितली म्हणजे बाकीचा माल चोख, हे सगळ्यांना ठाऊक झालं होतं. ज्या मालाला तिने नाव ठेवलं नाही असा माल मंडईत कुणी पाहिला नव्हता. मुलगा शाळेत पहिला आला तेव्हासुद्धा ती म्हणाली होती, "पहिला आलास ते बरं झालं, पण अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे."

गाळ्यावर बसल्यावर स्वयंपाक कोण करणार? ती तिथेच खायची. गाजर रुमालाला पुसायचं आणि चावायचं. काकडी, मुळा, कोबीचं आतलं पान, सोलता सोलता मूठभर मटार. तिच्या चावण्याचा आवाज पलीकडच्या रांगेत ऐकू जायचा, आणि तो ऐकून लोक गाजरं घ्यायला यायचे.

मग वय झालं, गाळा दुसऱ्याला दिला, आणि गाळ्यामागोमाग दातही गेले. कारागिराने तेव्हा ठरवलं की आपल्या आयुष्यातली सगळ्यात देखणी कवळी आता करायची. त्याने कपाटातून आईचा जुना फोटो काढला. गाळ्यावर उभी राहून, मान मागे टाकून ती हसतेय. पुढचे दात थोडे पुढे आलेले, मधल्या दोघांत फट. कारागिराने तो फोटो टेबलावर उभा केला आणि त्यातला एकेक दात जशाच्या तसा मेणात उतरवला. आईने कवळी घातली, आरशासमोर उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहेत."

बस, एवढंच. खोट नाही, 'पण' नाही, 'आधीच सांगते' नाही. कारागीर हवेत तरंगायला लागला. जिने जन्मात कशाची नुसती स्तुती केली नाही, तिने आपल्या कामात बोट ठेवायला जागा शोधली नाही! शहाण्या माणसाला इथेच शंका आली असती. पण स्तुती ऐकताना शहाणा राहिलेला माणूस अजून जन्माला यायचा आहे.

पुढे काही आठवड्यांनी, सगळे जेवायला बसलेले असताना आईने जाहीर केलं, "उद्यापासून मी शिजवलेलं खाणार नाही. कच्चं खाणार."

बायकोचा डाव हातातच राहिला. "आई, माझ्या हातचं काही चुकलं का?"

"तुझं कशाला चुकेल? तुझ्या हाताला चव आहे, मीठ तेवढं कमी पडतं. पण मी मंडईत होते तेव्हा जे खायचे तेच मला परत खायचंय. गाजर, काकडी, बीट, कोबी, फळं. साधं. ना तेल, ना विस्तव. माझं मी करून घेईन, आणि लवकर खाईन. तुमच्या वेळेपर्यंत माझी भूक थांबत नाही."

"पण आई, कच्चं चावायला..." बायकोने बोलता बोलता नवऱ्याकडे पाहिलं आणि वाक्य गिळलं.

कारागिराची छाती एव्हाना टेबलाला लागली होती. चावायला? अगं, दात कुणी केलेत! नव्या कवळीबरोबर तो प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावायचा की पहिले काही महिने मऊ खा, कडक कच्च्याच्या वाटेला जाऊ नका. आणि इथे त्याची आई एकदम गाजराला हात घालायला निघाली होती. याला म्हणतात कवळी!

आई बोलल्याप्रमाणे वागली. कारागीर कामावर गेला की ती सकाळीच मंडईत जाई, जुन्या ओळखीच्या गाळ्यांवरून भाजी निवडून आणी, धुऊन पंच्यावर पसरून ठेवी. दोन्ही वेळा घरच्यांच्या आधी ती जेवून मोकळी व्हायची. कारागीर घरी यायचा तेव्हा तिची ताटली धुतलेली असायची आणि ती खिडकीत बसून बिटाने लाल झालेल्या ओठांनी त्याला विचारायची, "काय, किती लोकांना हसवलंस आज?" तिची तब्येत उत्तम होती. ती आधीही उत्तमच होती, पण आता तिचं श्रेय घ्यायला घरात एक माणूस तयार बसलेला होता.

त्याने गल्लीत सांगितलं. न्हाव्याकडे खुर्चीत बसून सांगितलं. कामाच्या खोलीत जो येई त्याला सांगितलं. "आमची आई कच्चं खाते. गाजर, मुळा, बीट! आणि दात? हे याच टेबलावर झालेत." ऐकणारा थक्क व्हायचा, मग कारागीर त्याला हळूच विचारायचा, "तुमच्या वडिलांचं कसं काय आहे?"

त्याच्याकडे नेहमी काम पाठवणारे एक डॉक्टर होते. शांत माणूस, जुना स्नेही. त्यांच्याकडे एक निवृत्त बस कंडक्टर यायचे. तोंडात दात नाहीत आणि कवळी म्हटली की हात झटकायचे. "ती नुसती फोटोपुरती असते हो, तिने खाता कुठे येतंय!" डॉक्टरांनी ही गोष्ट सांगितली आणि कारागिराने टेबलावर थाप मारली. "पुढच्या आठवड्यात आईला घेऊन येतो. त्यांच्या नाकासमोर अख्खं गाजर खाऊन दाखवेल. मग बोला म्हणावं!"

आईला त्याने हे सांगितलं तेव्हा तिने मुळा पुसता पुसता मान वर केली. मग म्हणाली, "मी काय सर्कशीतली आहे?" पण नाही म्हणाली नाही. मुलाच्या तोंडावरचा आनंद बघून तिला नाही म्हणवलं नसावं.

आता आपली कवळी चारचौघांत मिरवायची तर तिला जरा चकाकी दिलेली बरी, म्हणून एका सकाळी कामावर जाताना त्याने आईकडून ती मागून घेतली. आईने ती डबीतून काढून, रुमालात गुंडाळून दिली. "दुपारपर्यंत आणून देतो," तो म्हणाला आणि गेला.

कामाच्या खोलीत पोचून त्याने दिवा ओढला, रुमाल उलगडला, तेवढ्यात ते डॉक्टरच नवीन मापांचा डबा घेऊन आत आले.

"हीच का ती?" त्यांनी विचारलं.

"हीच! बघा, नीट बघा." कारागिराने भिंग त्यांच्या हातात दिलं. "इतके महिने झाले. रोज गाजर, रोज बीट, मुळा. आहे का कुठे एक ओरखडा?"

डॉक्टरांनी कवळी दिव्याखाली धरली. वरची पाहिली, खालची पाहिली, उलटी करून पाहिली. "नाही," ते हळूच म्हणाले. "एकही ओरखडा नाही."

"आणि डाग?"

"डागही नाही. बीट रोज खातात म्हणालात?"

"रोज!"

डॉक्टरांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा काढून पुसला, जो मुळीच मळलेला नव्हता. "तुमचं काम सुंदर असतं, कारागीर," ते म्हणाले आणि चहा न घेताच निघून गेले. ते चहा सोडून जाणारे नव्हते.

कारागिराने चकाकी देणारी मोटर चालू केली. चाक गरगरायला लागलं. कवळी चाकाला लावायची म्हणून त्याने उचलली आणि त्याचा हात मधेच थांबला. चकाकी कशाला द्यायची होती? ती होतीच. त्याने स्वतः दिलेली, पहिल्या दिवशीची.

त्याने मोटर बंद केली. मग भिंग घेतलं आणि पहिल्यांदाच आपल्या कामाकडे परक्याच्या कामाकडे बघावं तसं पाहिलं. दुरुस्तीला आलेल्या शेकडो कवळ्या त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. नुसता पाव खाणाऱ्याच्या कवळीलासुद्धा दाढांची टोकं झिजलेली दिसतात. चहा पिणाऱ्याच्या हिरडीच्या कडेला पिवळट रेघ धरते. कवळी बघून माणूस कुठल्या बाजूने चावतो हे तो सांगायचा, आणि त्याचंही मिरवायचा. या कवळीने गाजर सोडा, साखरेचा खडासुद्धा फोडला नव्हता. ती डबीतून तोंडात आणि तोंडातून डबीत एवढाच प्रवास करत आली होती. गावभरच्या तोंडांची खबर ठेवणाऱ्याच्या स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार होता. आणि तो मघाशी डॉक्टरांना म्हणाला होता, आहे का एक ओरखडा!

त्याचे कान तापले. कवळी रुमालात गुंडाळून त्याने खिशात घातली, खोलीला कुलूप लावलं आणि तो तरातरा घरी निघाला.

आई स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर ताटली, ताटलीत गाजर आणि बिटाचा बारीक कीस, वर सफरचंदाचा कीस. शेजारी लालभडक झालेली किसणी. आई चमच्याने कीस तोंडात घालत होती, हिरड्यांनी घोळवत होती, डोळे मिटून चवीने खात होती. आणि तिचे दात तिच्या मुलाच्या खिशात होते.

पावलांच्या आवाजाने तिने डोळे उघडले. "अरे, तू आत्ता कसा?" असं म्हणाली आणि मग तिच्याही लक्षात आलं. चमचा तसाच राहिला. हात तोंडावर गेला.

कारागिराने रुमाल ताटलीशेजारी ठेवला. "जेव," तो म्हणाला. "दातांवाचून तुझं काही अडत नाहीसं दिसतंय."

"विसरलेच मी," आई पुटपुटली. "तू कवळी घेऊन गेलास ते साफ विसरले."

"किती दिवस चाललंय हे?"

आईने हात खाली घेतला. खोटं बोलायचं तर तिला पहिल्यापासून जमत नव्हतं. न बोलणं जमत होतं. "पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली.

मागे दारात बायको उभी होती. कारागीर तिच्याकडे वळला. "तुला माहीत होतं?"

"किसणी रोज ओली असते," बायको म्हणाली. "मला काय डोळे नाहीत? पण आईंनी शपथ घातली होती. आणि तुम्ही इतके फुगला होतात, म्हटलं कोण टाचणी लावणार!"

आता रागवावं तर कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ. तो खुर्ची ओढून बसला. त्याला खरंच काही समजत नव्हतं. "अगं, पण कच्चंच का? चावता येत नव्हतं तर मऊ शिजवलेलं खायचं होतंस. हिने करून दिलं असतं."

"दिलं असतं. आणि लोकांनी काय म्हटलं असतं? दात करणाऱ्याची आई पातळ पिते! तुझ्या धंद्याचं काय झालं असतं?" आई ताटलीतल्या किसाकडे बघत बोलत होती. "तुमच्याबरोबर जेवायला बसले की एकेक घास तोंडात फिरवत बसायचं, आणि तू माझ्या तोंडाकडे बघणार. कच्चं खाते म्हटलं की प्रश्नच मिटला. कच्चं खाणारीला कुणी विचारत नाही, बाई तुला चावता येतं का? आणि ती किसून खाते की चावून, हे बघायला कोण घरात येतंय?"

"तू! तू प्रत्येक मालाची खोट आधी सांगायचीस. मंडईत तुझ्यासारखी दुसरी कुणी नव्हती. आणि माझ्या मालाला 'छान आहेत'?"

"ती विकायच्या मालाची खोट," आई म्हणाली. "तू काय माझा विकायचा माल आहेस?"

एवढा बोलका कारागीर टेबलावरची किसणी उगाच इकडून तिकडे सरकवत राहिला. लाज वाटत होती, खूप वाटत होती. पण त्या लाजेच्या खाली दुसरंच काही होतं. आपल्या नावासाठी ही बाई इतके महिने एकटीने, चोरून जेवली. जगातल्या कुठल्या कारागिराच्या मागे असा माणूस उभा असेल?

"आई," शेवटी तो म्हणाला, "आता सांग. मला गाळ्यावरचा माल समज. काय काय खोट आहे?"

"जाऊ दे रे."

"सांग. नाहीतर मी ही खाली टाकून फोडतो."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने रुमाल उलगडला, कवळी हातात घेतली आणि तिचा चेहरा बदलला. गाळ्यावर उभी राहायची तशी ती ताठ झाली. "पुढच्या दातांनी चावलं की मागून उचलते. बाकाच्या एका टोकाला बसलं की दुसरं टोक उचलतं ना, तशी. खालची तर नाचते. उजव्या बाजूला रुततं. आणि दाढा इतक्या टोकदार केल्यास की गाल सापडतो. दिसायला लाख आहेत, त्यात वाद नाही. पण हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि..." तिने म्हण अर्ध्यातच सोडली.

"आणि खायचे वेगळे," त्याने पुरी केली. "मी फोटो बघून केले. तुझं तोंड बघितलंच नाही."

"फोटो भिंतीवर लाव," आई म्हणाली. "तोंडात मला दात दे. आणि ऐक, सुरुवात तुझ्यासाठी केली असेल, पण हे कच्चं खाणं मी आता सोडणार नाही. मला माझं जुनं जेवण परत मिळालंय. वास परत आलाय, गोडी परत आलीय. नुसता आवाज तेवढा राहिलाय. किसलेल्या गाजराला आवाज नसतो रे."

दुसऱ्या दिवशी कारागिराने केलं ते त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं, आणि त्यात मेण नव्हतं की प्लास्टर. तो डॉक्टरांकडे गेला, उभ्यानेच म्हणाला, "माझी आई गाजर किसून खाते. तुम्हाला कळलं होतं."

"कळलं होतं," डॉक्टर म्हणाले. "सांगायला जीभ उचलली नाही."

"त्या कंडक्टरसाहेबांना सांगा, आम्ही येत नाही. का येत नाही तेही सांगा. आणि आईचं नवीन माप घ्या. हिरड्या खाली बसल्यात तिच्या, मी जुन्याच मापावर खूश होतो." एवढं बोलून तो खुर्चीत बसला. डॉक्टरांनी चहा मागवला आणि या वेळी दोघांनीही प्यायला.

मग काम सुरू झालं. कारागिराने आईला कामाच्या खोलीत आणून समोर बसवलं आणि तिला खायला लावलं. मऊ केळं, पिकलं पेअर, काकडीची चकती. तो नुसता बघत राहिला. जबडा कुठे जातो, कसा फिरतो, घास कुठल्या गालात थांबतो. हजारो कवळ्या केलेल्या माणसाने आपल्या आईला जेवताना असं कधी पाहिलं नव्हतं. तिचा जबडा चावताना डावीकडे सरकायचा. फोटोत जबडा हलत नाही, त्याला हे कळणार कुठून!

त्याने पुढचे दात मागे घेतले, हिरडीच्या नीट वर. दाढा बसक्या केल्या, दोन्ही बाजूंना एकदम टेकतील अशा. मेणातली कवळी आईच्या तोंडात बसवून त्याने आरसा पुढे केला आणि स्वतःच आधी मान फिरवली. फोटोतली हसरी तरुण बाई आरशात नव्हती. ओठ थोडा आत गेला होता, वय दिसत होतं.

आई मात्र निरखून बघत होती. "ही मी आहे," ती म्हणाली. "ती दुसरी कोण होती कोण जाणे, रोज सकाळी मला आरशात भेटायची. फट ठेवलीस ना? ती राहू दे. गाळ्यावर शीळ घालायचे मी, ती तिथूनच यायची."

पहिल्या खेपेला जमलं नाही. काकडी झाली, सफरचंदाची फोड झाली, गाजराला कवळी उचलली. आईने तोंड वाकडं केलं. कारागिराने निळा कागद तिच्या दातांमध्ये धरला, चावायला लावलं, जिथे जास्त निळं उमटलं तिथे घासलं, पुन्हा लावलं, पुन्हा घासलं. तरी नाही. त्याने खालची कवळी मोडली आणि नव्याने केली. "द्या सोडून," बायको म्हणाली, "किसणी आहे घरात." त्याने पुन्हा निळा कागद उचलला. त्याला मिरवायला आता काहीच उरलं नव्हतं, आणि गंमत अशी की हाताला त्याने काही फरक पडला नव्हता. उलट हात जास्त शहाणा झाला होता. आईलाही त्याने शिकवलं की लहान घास घे, दोन्ही बाजूंनी एकदम चाव, समोरून नको, कोपऱ्यातून तोड. "मला खायला शिकवतोय," ती कुरकुरायची, पण शिकायची.

मग एका रविवारी दुपारी, बायको पानं वाढत असताना, आई स्वतःची ताटली घेऊन टेबलाशी आली आणि त्यांच्याबरोबर बसली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. ताटलीत कोबीची पानं, काकडी, सोललेले मटार आणि एक अख्खं गाजर. किसणी खिळ्याला टांगलेली होती, कोरडी.

"कापून देऊ?" कारागिराने विचारलं.

"हात लावू नकोस."

तिने गाजर रुमालाला पुसलं. पालथ्या हाताने फिरवून त्याचं टोक तोंडाच्या कोपऱ्यात धरलं. कारागिराने स्वतःच्या दातांवर दात रोवले. बायकोचा डाव पुन्हा हवेतच राहिला.

कट्‌!

तो आवाज त्याने लहानपणी गाळ्याखाली पोत्यावर बसून ऐकला होता. तसाच्या तसा. आई चावत होती. हळूहळू, दोन्ही बाजूंनी, डोळे मिटून. कवळी हलली नाही. घास खाली गेला. तिने डोळे उघडले. दुसरा घास तोडला. कट्‌! तो आवाज शेजारच्या घरात नक्की गेला असणार.

कारागिराला राहवेना. "आई? कसे आहेत?" विचारताना त्याचा आवाज चिरकला, कारण ती आता 'छान आहेत' म्हणाली तर काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं.

आई ताठ बसली. गाळ्यावरचा चेहरा करून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"वरचे चोख आहेत," ती म्हणाली. "घट्ट बसतात, चावतात. पण खालच्या डाव्या बाजूला, आतून, जरासं टोचतंय. आधीच सांगते."

गावातल्या डॉक्टरांनी त्याला आजवर पुष्कळ काही म्हटलं होतं, ते सगळं या एका 'टोचतंय'पुढे फिकं पडलं. आईने त्याच्या मालाची खोट सांगितली होती. म्हणजे बाकीचा माल चोख. कारागीर हसला, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्याने पुसलंही नाही, आणि तो कानस आणायला ताडकन उठला.

"बस खाली," आई म्हणाली. "गाजर संपल्याशिवाय मी दात काढणार नाही."